सूत्रधार सापडला की उरला?

रहस्यकादंबरी कशी आहे हे मी तिचं एकही पान न वाचता सांगू शकते. अट एकच, ती वाचनालयात तीन-चार वर्षं फिरलेली हवी. पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं आणि पानांची कड बघायची. बोटांचा मळ कुठे नि किती बसलाय ते तिथे स्वच्छ दिसतं. सामाजिक कादंबरीची कड सुरुवातीला काळपट असते आणि शेवटाकडे पांढरी होत जाते, कारण अर्ध्यातून सोडणारे बरेच. रहस्यकादंबरी बहुतेक जण शेवटपर्यंत नेतात, म्हणून तिची कड सगळीकडे सारखी मळते. पण त्यातही जी अस्सल असते, तिची पहिली चाळीस-पन्नास पानं बाकीच्यांपेक्षा जास्त काळी असतात आणि शिवणही तिथेच आधी सैल होते. शेवट वाचून झाला की वाचक चरफडत मागे जातो. "अरे, त्या रात्री हा तर जिन्यात उभा होता की!" म्हणत ते पान शोधतो. अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'ची आमची जुनी पेपरबॅक प्रत अशीच पुढून खिळखिळी झालेली आहे.

'द दा विंची कोड'च्या मराठी अनुवादाची प्रत आम्ही एकदा बाइंडिंग करून आणली. बाइंडरनं तिन्ही कडा कापून पांढऱ्याशुभ्र करून दिल्या. त्यानंतर ती पुन्हा इतके हात फिरली की कड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारखी करडी झाली. मध्ये कुणी सोडलं नाही. आणि संपल्यावर मागेही कुणी गेलं नाही.

मिरजेत स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर आमचं छोटं खासगी वाचनालय आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. सासऱ्यांच्या काळात बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड हातोहात जायचे, मग गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचा दारा बुलंद अजून मागतात. रहस्यकथेचा वाचक हा आमच्या धंद्यातला सगळ्यात चोख सभासद. पुस्तक मुदतीत आणतो, कारण त्याला पुढचं हवं असतं. तो चिडतो तेव्हा कारणानं चिडतो, आणि ते कारण काउंटरवर ऐकवल्याशिवाय जात नाही. डॅन ब्राऊनच्या या कादंबरीवर आमच्या काउंटरवर जेवढी धुसफूस झाली तेवढी दुसऱ्या कुठल्याच खपाच्या पुस्तकावर झाली नसेल. एरवी जगभर तिच्या 8 कोटींहून अधिक प्रती गेल्या म्हणतात. 2003 साली ती आली, 2006 मध्ये टॉम हँक्सचा चित्रपट आला, आपल्याकडे काही राज्यांनी त्यावर बंदी घातली, आणि बंदीची बातमी ज्या दिवशी छापून आली त्याच दिवशी पुस्तकासाठी नावं लावायला माणसं आली.

पुढे सगळं फोडणार आहे. ज्यांनी वाचली नसेल आणि वाचायची असेल त्यांनी इथे थांबावं.

आधी जे चांगलं आहे ते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रात्री मुख्य अभिरक्षक जाक सोनिए याला सायलस नावाचा एक पांढराफटक साधू पोटात गोळी घालतो. सोनिएला कळतं की आपल्या हातात साधारण 15 मिनिटं आहेत. एक मोठं गुपित त्याच्याबरोबर संपणार, ते त्याला नातीपर्यंत, सोफीपर्यंत पोचवायचंय. सकाळी, खरं म्हणजे मध्यरात्रीच, प्रेत सापडतं ते हातपाय फाकवून वर्तुळात झोपलेलं, लिओनार्दोच्या त्या प्रसिद्ध चित्रासारखं. शेजारी आकडे लिहिलेले, 13-3-2-21-1-1-8-5, आणि अर्थ न लागणाऱ्या दोन ओळी. आकडे म्हणजे फिबोनाचीची मालिका, मुद्दाम विस्कटलेली. ओळींतली अक्षरं फिरवून लावली की लिओनार्दोचं आणि मोनालिसाचं नाव निघतं. यातलं प्रत्येक अक्षर वाचकाच्या डोळ्यांसमोर आहे. सोडवता आलं तर सोडवा. इथवर ब्राऊन शंभर टक्के प्रामाणिक आहे आणि मजा येते. (पोटात गोळी असलेल्या 76 वर्षांच्या माणसानं 15 मिनिटांत कपडे काढले, वर्तुळ काढलं, स्वतःच्या रक्तानं पोटावर चांदणी काढली, मोनालिसाच्या काचेवर मजकूर लिहिला, दुसऱ्या एका चित्रामागे किल्ली लपवली आणि परत येऊन नीट आडवा झाला. आमच्याकडच्या एका सभासद डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अ‍ॅपेंडिक्सचा पेशंट इथून बाथरूमपर्यंत जात नाही हो." पण हे चालतं. रहस्यकथेत एवढी उधारी वाचक देतो.)

मग हार्वर्डचा चिन्हतज्ज्ञ रॉबर्ट लँगडन आणि सोफी पोलिसांपासून पळत सुटतात. त्यांच्या हाती ती वस्तू येते जिच्यासाठी खून पडताहेत. आता जायचं कुठे? लँगडनला आठवतं की व्हर्सायजवळ आपला एक विद्वान ओळखीचा राहतो, सर ली टीबिंग. पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणारा, श्रीमंत, विनोदी, येशूच्या पवित्र चषकाच्या दंतकथेचा अभ्यासक. ते त्याच्या वाड्यावर जातात.

इथे आमच्या गार्डकाकांनी चिठ्ठी लिहिली.

गार्डकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. रहस्यकादंबरी नेली की त्यांचा एक नेम आहे. संशय पक्का झाला की चिठ्ठीवर पान क्रमांक आणि नाव लिहायचं, घडी करून मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात ठेवायची आणि पुस्तक परत करताना माझ्यासमोर उघडायची. 'दा विंची'च्या खिशातली चिठ्ठी उघडली तर टीबिंग घरात पहिल्यांदा दिसतो त्याच्या जवळपासचं पान आणि त्याचंच नाव.

"कसं ओळखलंत काका?"

"ओळखलं कुठे? पोलीस अधिकारी इतका खडूस दाखवलाय की तो नसणार. बिशप इतका संशयास्पद की तो तर नसणारच. एवढा पैसेवाला, एवढा गोड बोलणारा माणूस मध्यावर कशाला आणतील? दुसरं कुणी शिल्लकच नाही. ताई, याला सूत्रधार सापडला म्हणायचं की उरला म्हणायचं?"

माझ्या मते या कादंबरीबद्दलच्या सगळ्या निराशेचं मूळ काकांच्या या प्रश्नात आहे. सायलसकडून खून करवून घेणारा, फोनवर हुकूम सोडणारा 'गुरू' म्हणजे टीबिंग, हे कळल्यावर "अरेच्चा" होत नाही. "बरं" होतं.

असं का होतं, ते नीट बघण्यासारखं आहे, कारण या प्रकारच्या लेखनाचे नियम कुणीतरी खरंच बसून लिहून ठेवले आहेत. 1929 साली रोनल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं रहस्यकथेचे 10 नियम मांडले. गंमत म्हणजे हे नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होते आणि पुढे त्यांनी एकट्यानं बायबलचं इंग्रजी भाषांतर केलं. ब्राऊनची कादंबरी ज्या चर्चवर उठली, त्याच चर्चचा माणूस हेरकथेतल्या प्रामाणिकपणाचा कायदा लिहून गेला. त्यांचा पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेत लवकर यायला हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला ऐकवले गेले आहेत असा तो नसावा. आणखी एक नियम असा की हेराला सापडलेला धागा त्याच वेळी वाचकालाही दिसला पाहिजे. त्यानंतर लंडनमध्ये ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, चेस्टरटन वगैरे मंडळींनी 'डिटेक्शन क्लब' काढला. नव्या सभासदाला तिथे चक्क शपथ घ्यावी लागायची: महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही, आणि योगायोगावर विसंबणार नाही.

टीबिंग भेटतो तो कादंबरी निम्म्यावर आल्यावर. तो 'गुरू' आहे हे लपवण्यासाठी ब्राऊन काय करतो? गुरूचे प्रसंग तो गुरूच्या डोक्यात शिरून लिहितो. टीबिंगच्या बटलरला, रेमीला, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते, म्हणून गुरू त्याच्या दारूत शेंगदाणे मिसळून त्याला मारतो. तिथे गुरूचे विचार आपल्याला कळतात, फक्त नाव कळत नाही. सगळीकडे 'गुरू, गुरू'. दुसरीकडे टीबिंगचे प्रसंग असतात तिथे त्याच्या डोक्याचं दार बंद. म्हणजे रहस्य गुन्हेगारानं लपवलेलं नाही, लेखकानं लपवलंय. गुन्हेगारानं लपवलेलं शोधता येतं. लेखकानंच सांगायचं नाही ठरवलं तर वाचकानं काय करावं?

यावर कुणी म्हणेल, अ‍ॅक्रॉइडमध्येही ख्रिस्तीबाईंनी फसवलंच की. 1926 साली ते पुस्तक आलं तेव्हा बाईंवर भरपूर टीका झाली, हा खेळ नव्हे असं म्हणणारे निघाले. खुनी कोण ते मी शंभर वर्षांनंतरही सांगणार नाही, सभासदांचे शाप कोण घेईल! पण इतकं सांगते, त्यात एका रात्रीतल्या काही मिनिटांचा हिशोब आहे आणि तो दोन साध्या वाक्यांच्या मधे पडून असतो. वाक्यं खरी आहेत. आपण ती भरभर वाचून पुढे गेलेलो असतो, इतकंच. म्हणून माणसं मागे जातात आणि ती पानं काळी होतात.

'दा विंची'त मागे जाऊन बघण्यासारखं काय आहे? एक धागा ब्राऊननं ठेवलाय, हे मान्य करायला हवं. टीबिंगच्या वाड्याच्या आवारातल्या कोठारात पोलिसांना चोरून संभाषण ऐकण्याची यंत्रणा सापडते. पण ती सापडते मंडळी विमानानं लंडनला निघून गेल्यावर, आणि संशय लगेच नोकराकडे, रेमीकडे वळवला जातो. त्याहून मोठी अडचण म्हणजे योगायोग. गुरू ज्या वस्तूसाठी माणसं मारतोय, ती वस्तू घेऊन नायक-नायिका आपण होऊन, मध्यरात्री, त्याच्याच दारात हजर होतात. त्यांना तिथे कुणी ओढून आणलेलं नाही. लँगडनला दुसराच कुणी ओळखीचा आठवला असता तर? टीबिंग स्वतःही याला दैवी संकेत वगैरे मानतो, त्यामुळे लेखकालाही ही अडचण दिसली असणार. शपथेतलं योगायोगाचं कलम नेमकं अशाच जागेसाठी होतं.

दुसरी तक्रार कॉलेजातल्या मुलांची. एक मुलगी पुस्तक परत देताना म्हणाली, "काकू, यातले हुशार लोक फार मठ्ठ आहेत." ती वस्तू ज्या पेटीत असते तिच्यावर कोरलेला मजकूर वाचायला लँगडन आणि टीबिंग बसतात. एक हार्वर्डचा चिन्हतज्ज्ञ, दुसरा इतिहासकार. ते म्हणतात, ही कुठलीतरी प्राचीन सेमिटिक भाषा असावी. असतं ते साधं इंग्रजी, आरशातून वाचायचं. लिओनार्दो स्वतःच्या वह्या असं उलटं लिहायचा, हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं, आणि या कादंबरीच्या तर नावातच लिओनार्दो आहे. पुढे न्यूटनची कबर येते. पाच अक्षरी शब्द हवाय, न्यूटनशी संबंधित, गोल, लालसर काहीतरी. ते सफरचंद आहे हे वाचकाला कळून तो चहा करून परत येतो, तरी लंडनमध्ये धावपळ चालूच. रहस्यकथेत हेर वाचकाच्या एक पाऊल पुढे हवा. बरोबरीनं चालला तरी चालेल. वाचकानं वळणावर उभं राहून त्याची वाट बघायची म्हणजे फार झालं.

आता इतिहासाचं. बहुतेक वाद याच भागावर झाला आणि खरं तर रहस्याशी त्याचा काही संबंध नाही असं मला आधी वाटायचं. पण आहे. कादंबरी सुरू होण्याआधी एका पानावर 'वस्तुस्थिती' असं शीर्षक देऊन लेखक सांगतो की 'प्रायरी ऑफ सायन' ही 1099 साली स्थापन झालेली खरी गुप्त संघटना आहे, आणि तिच्या सभासदांत न्यूटन, बोतिचेल्ली, व्हिक्टर ह्यूगो, लिओनार्दो होते. हे कादंबरीतलं पात्र बोलत नाही, लेखक बोलतोय. प्रत्यक्षात या नावाची संस्था पिएर प्लांतार नावाच्या माणसानं 1956 साली फ्रान्समधल्या आनमास गावी काढली आणि रीतसर नोंदवली. तिचं पहिलं पत्रक स्वस्त घरांतल्या भाडेकरूंच्या हक्कांबद्दल होतं. पुढे 1960 च्या दशकात प्लांतार आणि त्याच्या साथीदारांनी बनावट वंशावळी आणि कागदपत्रं तयार करून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवली. ग्रंथालयात ठेवलेल्या कागदावर लोक विश्वास ठेवतात, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं. आमच्याही कपाटात काय काय आहे देव जाणे.

टीबिंगचं लांबलचक व्याख्यानही तसंच. इसवी सन 325 मध्ये नायसिया इथे भरलेल्या परिषदेत येशूचं देवत्व अटीतटीच्या मतदानानं ठरलं, असं तो ऐकवतो. तिथे जमलेल्या शेकडो बिशपांपैकी शेवटपर्यंत सही न करणारे दोनच होते. याला अटीतटीचं मतदान म्हणत असतील तर आमच्या सोसायटीच्या निवडणुकाही अटीतटीच्याच. पॅरिसच्या सां-सुल्पिस चर्चला शेवटी फलक लावावा लागला की इथे पूर्वी कुठलंही मूर्तिपूजकांचं मंदिर नव्हतं आणि खिडक्यांवरची अक्षरं गुप्त संघटनेची नसून संतांच्या नावांची आहेत. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडला 666 काचा असल्याचं कादंबरी सांगते. संग्रहालयाच्या हिशोबानं त्या 673 आहेत.

कादंबरीकारानं इतिहास वाकवू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे नाथमाधवांपासून सगळ्यांनी वाकवलाय आणि आपण आनंदानं वाचलंय. पण रहस्यकथेत वाचकाचा एकच आधार असतो: पात्रं खोटं बोलतील, निवेदक बोलणार नाही. निवेदक गप्प बसेल, नजर दुसरीकडे वळवेल, पण सरळ विधान करेल तेव्हा ते खरं असेल. ख्रिस्तीबाईंनी ते दोन वाक्यांतलं अंतर याच आधारावर लपवलं. इथे लेखकानं पहिला खोटा पत्ता टाकला तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर, खेळ सुरू व्हायच्या आधी. ज्यांनी तो खरा मानला त्यांना पुढची चिन्हं, चित्रं, वंशावळी म्हणजे पुरावे वाटले आणि कादंबरी थरारक वाटली. ज्यांना तो खोटा आहे हे माहीत झालं त्यांच्या हातात काय उरलं? एका रात्रीतली पळापळ आणि शिल्लक राहिलेला सूत्रधार.

मग लोकांनी ती एका दमात का वाचली? कारण ब्राऊनला प्रकरण कुठे तोडायचं ते कळतं. 105 प्रकरणं आहेत, काही तर दीड-दोन पानांची. प्रत्येकाच्या शेवटी कुणीतरी काहीतरी बघतं आणि दचकतं. काय बघितलं ते पुढच्या प्रकरणात नाही, त्याच्या पुढच्यात. दैनंदिन मालिका बघणाऱ्या माझ्या जावेनं ते लगेच ओळखलं. अर्नाळकरांकडेही वेग होता, पण त्यांचं पुस्तक मिरज ते पुणे प्रवासात संपायचं आणि झुंजार खरा आहे असा दावा बाबूरावांनी कधी केला नाही. साडेचारशे पानं पळवल्यावर वाचकाची अपेक्षा वाढते. मधल्या धावपळीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. तक्रार पोचल्यावर काय दाखवलं याची आहे.

या पुस्तकाच्या भोवती घडलेलं एक कोडं मात्र मला मनापासून आवडतं, आणि ते ब्राऊनचं नाही. 1982 साली आलेल्या 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' या पुस्तकातली मांडणी चोरली म्हणून त्याच्या तीन लेखकांपैकी मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली यांनी लंडनमध्ये प्रकाशकावर दावा लावला. 2006 च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी तो फेटाळला. निकालपत्र सगळ्यांनी वाचलं, बातम्या झाल्या. काही दिवसांनी एका वकिलाच्या लक्षात आलं की निकालात मधेच एखादं अक्षर उगाच तिरपं छापलंय. ती तिरपी अक्षरं क्रमानं लावली तर सुरुवातीला न्यायमूर्तींच्याच नावाचा 'स्मिथी कोड' असा शब्द निघतो आणि पुढे निरर्थक वाटणारी अक्षरं. फिबोनाची मालिका वापरून ती उलगडली, तर अ‍ॅडमिरल जॅकी फिशर आणि 'ड्रेडनॉट' या युद्धनौकेबद्दलचं वाक्य निघालं. नौदलाचा इतिहास हा न्यायमूर्तींचा छंद. ती नौका 1906 च्या फेब्रुवारीत पाण्यात उतरली होती आणि खटला उभा राहिला 2006 च्या फेब्रुवारीत. एकही अक्षर लपवलेलं नव्हतं. निकाल सार्वजनिक, अक्षरं तिरपी, ज्याला दिसेल त्यानं सोडवावं.

गार्डकाकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. एक, ते निकालपत्र वाचायला मिळेल का. आणि दुसरी, त्या जजसाहेबांनी कादंबरी लिहिली आहे का. "लिहिली असेल तर माझं नाव लावून ठेवा ताई, पहिल्या नंबरला."